मनपाच्या शाळेतलं कोविड लसीकरण केंद्र: गेटवरच्या फळ्याला पाच स्टार, ऑनलाइन बुकिंगला अडीच

हॉटेलचे, मिक्सरचे, मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, पण २०२१ मध्ये जी सेवा आपण झाडून सगळ्यांनी घेतली तिचा नीट रिव्ह्यू मला तरी कुठं वाचायला मिळाला नाही, म्हणून लिहितेय. पुण्यात आमच्या प्रभागातल्या मनपाच्या शाळेत लसीकरण केंद्र होतं. आधी आईला घेऊन गेले, मग तिथली गर्दी बघून स्वयंसेवक म्हणून जायला लागले, ते पार नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' ही घरोघर जाऊन लस द्यायची मोहीम सुरू झाली तोपर्यंत. म्हणजे रांगेत उभं राहून पण बघितलंय आणि रांग लावून पण.

निकाल आधीच सांगते. लस टोचण्याचं काम एक नंबर. स्वच्छता चांगली. बसायची सोय ठीक, बाकं पहिलीच्या वर्गातली होती, आजी-आजोबांना उठताना त्रास व्हायचा. कोविन, म्हणजे नोंदणी आणि बुकिंगचं सरकारी पोर्टल, सुरुवातीला डोकेदुखी, नंतर बरं. आणि लोकांना माहिती देण्यात केंद्र पहिले काही आठवडे फार वाईट होतं आणि नंतर इतकं चांगलं झालं की मला अजून त्याचं कौतुक वाटतं. याच मुद्द्यावर जास्त लिहिणारे.

परिस्थिती आठवा. १६ जानेवारी २०२१ ला डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी यांच्यापासून सुरुवात झाली, १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि ४५ च्या पुढचे आजारी लोक, १ एप्रिलपासून ४५ च्या पुढचे सगळे, आणि १ मेपासून १८ च्या पुढचे. दर टप्प्याला लोक वाढत गेले पण लस त्या हिशोबात येतच नव्हती. त्यात आपलं पुणं. कोविशील्ड बनवणारी सिरम कंपनी इथं मांजरीत, १२ जानेवारीला पहाटे तिथून नारळ फोडून कोविशील्डच्या गाड्या विमानतळाकडे निघाल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच पुण्यात केंद्राच्या दारावर कागद चिकटवलेला, 'आज लस उपलब्ध नाही'. लोकांना ते पटायचंच नाही. एक काका रोज म्हणायचे, अहो आमच्या गावात बनते आणि आम्हालाच नाही? त्यांचं काय चुकलं सांगा. पण लसीचं वाटप दिल्लीतून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला, मनपाला आणि मग केंद्राला असं व्हायचं, आणि उद्या किती डोस येणार ते केंद्रावर आदल्या रात्री उशिरा कळायचं, कधी कधी सकाळी गाडी आल्यावरच.

आणि खरा त्रास इथं होता. आकडा आतल्यांना कळायचा, बाहेरच्यांना नाही. पहाटे पाचपासून लोक चपला आणि पिशव्या ठेवून नंबर लावायचे, दहा वाजता आतून कुणीतरी येऊन सांगणार की आज शंभरच आलेत, आणि तोपर्यंत रांग वळून मागच्या गल्लीत गेलेली. मग आरडाओरडा, मग कुणीतरी म्हणणार मागच्या दारानं नगरसेवकाची माणसं घेताय. एक-दोनदा चिठ्ठी घेऊन आलेली माणसं खरंच आत गेली, मी बघितलंय, त्यामुळे लोकांचा संशय हवेतला नव्हता. शिव्या मात्र गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या दादांना आणि आम्हाला.

मग शाळेच्याच एका बाई, ज्यांची तिथं ड्युटी लागली होती, त्यांनी वर्गातला स्टँडवरचा फळा गेटवर आणून ठेवला. त्यावर खडूनं लिहिलं: आज आलेले डोस, कोविशील्ड किती, कोव्हॅक्सिन किती, त्यातले ऑनलाइन बुकिंगचे किती, थेट येणाऱ्यांना किती, आत्तापर्यंत टोकन कितीपर्यंत गेलं. दर तासाला 'झाले' आणि 'उरले' पुसून परत लिहायचं काम आमचं. एवढंच. पण दोन-तीन दिवसांत गेटवरची भांडणं निम्म्यावर आली. ज्याचा नंबर एकशे दहावा आहे तो फळा वाचून घरी जायचा, उन्हात चार तास उभा राहायचा नाही. आणि चिठ्ठीवाल्यांना आत सोडणं पण अवघड झालं कारण टोकन ऐंशी आणि 'झाले' शहाऐंशी असं दिसलं की रांगेतला कुणीही विचारणार, हे सहा कोण? संध्याकाळी लोक फळ्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे.

फळ्यावर पुढे आम्ही व्हायलचा, म्हणजे लसीच्या छोट्या बाटलीचा, हिशोब पण टाकायला लागलो. कोविशील्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस, उघडली की सिस्टर तिच्यावर वेळ लिहिणार आणि चार तासांत संपवायची, नाहीतर फेकून द्यायची. संध्याकाळी चार वाजता चारच जण उरले असतील तर व्हायल उघडायची का नाही, हा रोजचा प्रश्न. बाहेरून वाटतं की आत लस असून देत नाहीत. म्हणून फळ्यावर लिहायचो, 'शेवटच्या व्हायलसाठी अजून ६ जण हवेत', आणि आमच्याकडे आसपासच्या लोकांच्या नंबरांची वही होती, त्यांना फोन. भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले, वॉचमन, पाच मिनिटांत येणारी माणसं. केरळनं तेव्हा ७३ लाख ३८ हजार डोस मिळाले आणि ७४ लाख २६ हजार दिले असं जाहीर केलं होतं, कारण व्हायलमध्ये थोडी जास्तीची लस असते आणि हात चांगला असेल तर अकरावा डोस निघतो. आमच्या सिस्टरांनी ती बातमी वाचून दाखवली होती आणि त्यांच्या हातून पण अकरावा निघायचा.

टोचण्याबद्दल तक्रार शून्य. ०.५ मिलीची ती सिरिंज एकदा दाबली की दट्ट्या परत मागे येतच नाही, म्हणजे दुसऱ्यांदा वापरायची सोयच नाही, आणि सुई लगेच कटरमध्ये. हे मी प्रत्येक घाबरलेल्या माणसाला दाखवायचे. मग अर्धा तास बाजूच्या वर्गात बसवायचं, तिथं माझी ड्युटी जास्त असायची. बहुतेकांना काही होत नाही, पण उपाशीपोटी आलेली माणसं चक्कर येऊन बसायची, म्हणून पाणी आणि पार्ले-जी ठेवायला लागलो. लोकांना तिथून लवकर पळायचं असायचं, तो अर्धा तास का आहे हे बसवून सांगायला लागायचं.

सगळ्यात वाईट दिवस मे महिन्यात होते. १३ मेला कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. आधी २८ दिवस होतं, मार्चमध्ये ६ ते ८ आठवडे झालेलं, आणि आता पोर्टल ८४ दिवसांच्या आत घेतच नाही. सत्तरीच्या आजी रिक्षा करून आल्या, हातात कार्ड, त्यावर जुनी तारीख पेननं लिहिलेली, आणि आम्ही सांगतोय की आजी आता जुलैत या. त्यांनी काय समजायचं? वरून नियम बदलला तर ठीक, त्यामागं शास्त्र असेल, पण ज्यांच्या कार्डावर तुम्हीच तारीख लिहिली त्यांना एक मेसेज तरी आधी जायला हवा होता. याचे मी स्टार कापलेत आणि परत देणार नाही.

कोविनबद्दल. अडीच स्टार फक्त बुकिंगला. स्लॉट उघडले की मिनिटभरात लाल, म्हणजे भरलेले, कॉलेजची पोरं टेलिग्रामवर अलर्ट लावून बसलेली, आणि ज्या मावशींच्या घरी एकच साधा फोन त्यांनी काय करायचं. पोर्टल जूनपर्यंत इंग्रजीतच, मराठी नंतर आलं. शहरातली माणसं गाड्या काढून तालुक्याच्या केंद्रांवर जाऊन डोस घेऊन यायची आणि तिथले गावकरी बघत बसायचे, यावरून बऱ्याच ठिकाणी वाद झाले. एका मोबाईल नंबरावर चार जणांची नोंदणी व्हायची ही मात्र मोठी सोय होती, आम्ही आमच्याच नंबरांवरून कितीतरी कामवाल्या ताईंची नोंदणी केली. ८ मेपासून चार आकडी कोड आला तो चांगला बदल, कारण बुकिंग करून न गेलेल्यांनाही लस घेतल्याचा मेसेज येत होता, ते थांबलं.

पण त्याच कोविनच्या डॅशबोर्डला मी पूर्ण मार्क देते. देशात आज किती, राज्यात किती, जिल्ह्यात किती, पहिला डोस किती, दुसरा किती, बायका किती, पुरुष किती, हे कुणालाही घरबसल्या दिसायचं. १७ सप्टेंबरला एका दिवसात अडीच कोटींच्या वर डोस झाले तेव्हा आम्ही केंद्रावर काम करता करता तो आकडा हलताना बघत होतो, आणि २१ ऑक्टोबरला १०० कोटी झाले त्या दिवशी सिस्टरांनी स्वतःच्या पैशांनी पेढे आणले. मोठा आकडा बघून छाती भरून येते हे खरंच आहे, पण मला उपयोगी पडला तो छोटा आकडा. बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा मागे दिसायचा आणि आमच्या रजिस्टरमध्ये पण तेच. विचारलं तर कळायचं, 'आधी ह्यांना देऊ, दोघांनाही ताप आला तर घरात बघणार कोण'. म्हणजे भीती लसीची नव्हती, दोन दिवस आडवं पडायची सोय नव्हती. मग आशाताईंनी वस्तीत फिरून शेजारशेजारच्या बायकांना वेगवेगळ्या दिवशी यायला सांगितलं, आज हिला ताप तर तिनं भाजी-भाकरी द्यायची. मुंबईत १७ सप्टेंबरला फक्त बायकांसाठी थेट लसीकरण ठेवलेलं, तसं सगळीकडे आणि खूप आधी व्हायला पाहिजे होतं.

आशाताईंबद्दल लिहिल्याशिवाय हा रिव्ह्यू पूर्ण होत नाही. घरोघर जाऊन यादी त्यांनी केली, नाही म्हणणाऱ्यांच्या दारात परत परत त्या गेल्या, आणि जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांनाच संपावर जावं लागलं. मी महिन्यात जमेल तेवढे दिवस गेले, मला पगाराची नोकरी होती, माझं सोपं होतं. त्यांच्या कामाला स्वयंसेवा म्हणणं मला पटत नाही, ती नोकरी आहे आणि तिचा पगार नोकरीसारखाच पाहिजे.

खाजगीत पण चौकशी केली होती. जूननंतर कमाल दर ठरले, कोविशील्ड ७८० आणि कोव्हॅक्सिन १४१०, सर्व्हिस चार्ज दीडशेपर्यंत धरून. एसी, खुर्च्या, गर्दी नाही. लस तीच. ज्यांना परवडतं त्यांनी तिथं घेतली तर इथली रांग कमी होते, त्यामुळे माझी काही तक्रार नाही, पण शाळेतल्या बाकावर फुकट मिळालेल्या डोसमध्ये काडीचंही कमी नव्हतं.

आता लहान बाळांच्या नेहमीच्या लसींसाठी यू-विन आलंय, नोंदणी आणि सर्टिफिकेट मोबाईलवर, चांगलं आहे. फक्त मनपाला एक मागणी आहे. गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची व्हायल पण उघडली की चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे बाळं कमी असली की आईला 'पुढच्या वेळी या' म्हणून परत पाठवतात. ती दोन बस बदलून आलेली असते. आज कुठली लस आहे, कुठली उघडणार नाही आणि किती बाळं झाली की उघडणार, हे दवाखान्याच्या दारावर आणि आशाताईंच्या ग्रुपवर सकाळी आठच्या आत लिहा. खडू, फळा आणि लिहिणारं माणूस, तिन्ही आमच्या प्रभागात तयार आहेत, आम्हाला फक्त आकडा द्या.