पहिला ड्रोन: साडेचारशेची फ्रेम की पाच इंची?

भाच्याने परवा दोन याद्या पाठवल्या. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपलंय आणि सुट्टीत ड्रोन बांधायचा बेत आहे. एका यादीत एफ ४५० फ्रेम, दुसरीत पाच इंची कार्बनची. खाली प्रश्न, "मामा, यातलं चांगलं कुठलं?" मी उलट विचारलं, "आपटल्यावर काय मोडेल, आणि ते परत कितीला पडेल?" त्याच्या याद्यांमध्ये हा रकानाच नव्हता.

आधी नावांचा घोळ मिटवू. एफ ४५० मधला आकडा म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटरींमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. 'पाच इंची' हे नाव मात्र प्रॉपच्या, म्हणजे मोटरीवरच्या पंख्याच्या, व्यासावरून पडलंय. तिची फ्रेम साधारण २२०-२३० मिलिमीटरची असते. म्हणजे एक मोठा आणि संथ, दुसरा छोटा आणि तापट.

किती तापट, ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. एफ ४५० फ्रेम, चार ए २२१२ मोटरी, चार ३० अँपिअरचे ईएससी (मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या पाट्या), ड्रोनचा तोल सांभाळणारा कंट्रोलर, जीपीएस आणि ३ एस, म्हणजे तीन सेलची, २२०० एमएएचची बॅटरी, सगळं मिळून एक किलोच्या आसपास. दहा इंची प्रॉप लावल्यावर प्रत्येक मोटर जास्तीत जास्त पाऊण किलोच्या आसपास उचलते. चौघींचं मिळून तीन किलो, म्हणजे वजनाच्या तिप्पट. पाच इंचीचं वजन बॅटरीसकट साडेसहाशे ग्रॅम, आणि तिच्या २२०७ मोटरी प्रत्येकी किलोपेक्षा जास्त ओढतात. तो सहा-सात पटींचा हिशेब नवख्याच्या अंगठ्याला झेपत नाही. रिमोटची स्टिक जरा पुढे गेली की ड्रोन आंब्याच्या शेंड्यावर.

हवेत राहण्याचा वेळ बघा. साडेचारशे त्या २२०० च्या बॅटरीवर सात-आठ मिनिटं तरंगतो. पाच इंची जोरात उडवला तर चार-पाच मिनिटांत खाली घ्यावा लागतो. शिकणाऱ्याला ही तीन मिनिटं फार मोठी असतात.

आता मोडतोड. एफ ४५० चे हात नायलॉनचे. आपटले की एखादा हात तुटतो, तो सुटा मिळतो, स्क्रू काढून नवा बसवला की काम झालं. हात मोडतो तेव्हा बरेचदा मोटर वाचते, हे आणखी चांगलं. कार्बन सहजासहजी तुटत नाही, पण धक्का पुढे मोटरीच्या शाफ्टला आणि कॅमेऱ्याला देतो. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. वायरचं आवरण फ्रेमच्या कडेला घासून फाटलं की शॉर्ट, आणि ते शोधायला अर्धा दिवस जातो. प्रॉपच्या बाबतीत मात्र पाच इंची जिंकते. तिचे पॉलीकार्बोनेटचे प्रॉप वाकतात आणि हाताने सरळ होतात. स्वस्तातले दहा इंची सरळ चिरतात. साडेचारशे घेतलात तर प्रॉपचे निदान तीन संच आधीच आणून ठेवा.

मोटरींबद्दल एकच गोष्ट समजून घ्या: केव्ही. म्हणजे भार नसताना दर व्होल्टला किती फेरे. १००० केव्हीची मोटर ३ एस, म्हणजे ११.१ व्होल्टवर, मिनिटाला अकरा हजारांच्या घरात फिरते. मोठ्या प्रॉपला कमी केव्ही, छोट्याला जास्त. एफ ४५० वर २४०० केव्हीची मोटर आणि दहा इंची प्रॉप ही जोडी म्हणजे मोटर आणि ईएससी दोन्ही जाळायचा खात्रीचा मार्ग. किमतीचं म्हणाल तर पाच इंचीच्या एका मोटरीत ए २२१२ च्या तीनेक येतात.

आणि मोटर बसवताना स्क्रूची लांबी मोजा. माझ्या पहिल्या ड्रोनवर मी हाताला लागले ते स्क्रू लावले. एक हवा त्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर जास्त लांब होता. तो हाताच्या पट्टीतून वर निघून मोटरीच्या तांब्याच्या गुंडाळीला टेकला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बॅटरी जोडल्यावर जळक्या वार्निशचा वास आला तेव्हा कळलं. आता मी स्क्रू आवळण्याआधी मोटरीत टॉर्च मारून बघतो.

ईएससीत निवड सोपी आहे. साडेचारशेवर चार सुटे, पाच इंचीवर चारही एकाच पाटीवर. एकत्र पाटी दिसायला नेटकी आणि वायरींचं जंजाळ कमी, पण तिच्यातला एक कोपरा गेला की पूर्ण पाटी बदला. सुट्यात एक गेला तर एकच बदलायचा. एखादी मोटर उलटी फिरली तर सुट्यांवर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची. नव्या पाट्यांवर हे संगणकावरून होतं, सोल्डरिंगला हात लावावा लागत नाही. ज्याचा सोल्डरिंगचा हात अजून बसलेला नाही, त्याने पाच इंचीच्या दाटीत शिरूच नये.

फ्लाइट कंट्रोलरवर मात्र थांबून विचार करा, कारण ड्रोनचा स्वभाव इथे ठरतो. केके २ चं बोर्ड अजून विकलं जातं; छोटा पडदा आहे, संगणकाशिवाय सेटिंग होतं, पण जीपीएस नाही. एपीएम २.८ स्वस्त दिसेल, पण त्याच्यासाठीचं सॉफ्टवेअर, आर्डुकॉप्टर, ३.२.१ या जुन्या आवृत्तीवरच थांबलंय. दोन्ही सोडून द्या. खरी निवड पिक्सहॉक आणि बेटाफ्लाइट हे सॉफ्टवेअर चालवणारं एफ ४०५ जातीचं बोर्ड यांत आहे. पिक्सहॉकवर आर्डुपायलट हे सॉफ्टवेअर चालतं: जागेवर थांबणं, सिग्नल तुटला तर घरी परतणं, नकाशावर ठिपके देऊन तिथून फिरवणं. बेटाफ्लाइट अंगठ्याचं ऐकतं, झटकन आणि तंतोतंत. पण स्टिक सोडली की आपोआप जागेवर थांबणं हा त्याचा मूळ स्वभाव नाही. शिकायचं काय, यावर हे ठरतं. भाच्याला कॉलेजच्या प्रकल्पात नकाशावरून उडवायचंय, तेव्हा त्याला पिक्सहॉक.

जीपीएसमध्ये होकायंत्रही असतं. ते बॅटरीच्या जाड वायरींजवळ बसवलं तर ड्रोन जागेवर थांबायच्या ऐवजी वाढत जाणारी रिंगणं घालायला लागतो, भोवरा पडल्यासारखा. जीपीएस छोट्या काठीवर उंच बसवतात ते त्यासाठी.

बॅटरीपेक्षा चार्जरचं आधी सांगतो, कारण पैसे वाचवायची चूक सगळे तिथेच करतात. तीन दिव्यांचा बी ३ चार्जर स्वस्त आहे, पण २२०० ची बॅटरी भरायला तीन तास घेतो आणि साठवणीचा व्होल्टेज लावता येत नाही. लायपोचा, म्हणजे ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा, एक सेल भरलेला ४.२ व्होल्ट, ठेवायचा तर ३.८. मी एक बॅटरी पूर्ण भरून मे महिनाभर कपाटात ठेवली. परत काढली तेव्हा पापडासारखी फुगली होती. बी ६ जातीचा चार्जर घ्या, साठवणीचं बटण त्यातच असतं. उडवताना दर सेल ३.५ व्होल्टला आला की खाली उतरवायचं; त्यासाठी छोटा भोंगा बॅटरीच्या बॅलन्स वायरला (प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरींच्या जोडणीला) लावून ठेवा.

रिमोटमध्ये मी खर्च करायला सांगेन. फ्लायस्काय आय ६ वर अर्ध्या हौशी मंडळींनी हात बसवलाय आणि साडेचारशेला तो पुरतो. पण एक्स्प्रेसएलआरएस या रेडिओ पद्धतीचा रिमोट, उदाहरणार्थ रेडिओमास्टर पॉकेट, साध्या यूएसबी वायरने संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव करता येतो, आणि पुढे पाच इंची बांधलीत तरी तोच चालतो. सेल त्यात वेगळे घालावे लागतात. कुठलाही घेतला तरी प्रॉप काढून मोटरी चालू करायच्या, रिमोट बंद करायचा आणि मोटरी थांबतात का ते बघायचं. थांबत नसतील तर मैदानावर जाऊ नका.

नियमांचं थोडक्यात. दोन्ही ड्रोन २५० ग्रॅमच्या वर आणि दोन किलोच्या आत, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे मायक्रो गटात. हौसेसाठी उडवताना पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. कुठे उडवता येतं त्यासाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा मात्र बघा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन आयात करता येत नाही, सुटे भाग येतात. म्हणून बाजारात भागांची टंचाई नाही. वायर, एक्सटी ६० कनेक्टर, हीट श्रिंक पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हात लावून बघून घेता येतं.

भाच्याला मी साडेचारशेच सांगितला. ज्याने सिम्युलेटरवर पन्नास तास घालवलेत आणि ज्याला ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल लावून उडवायचंच आहे, त्याला मात्र पाच इंचीच सांगेन.

बांधून झाल्यावर बॅटरी सरळ जोडू नकोस, असं त्याला बजावलंय. गॅरेजमधून गाडीच्या इंडिकेटरचा बारा व्होल्ट, एकवीस वॅटचा दिवा आण, लाल वायरीत मध्ये घाल आणि मग जोड. दिवा क्षणभर चमकून विझला तर वायरिंग ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि जळायला फक्त दिवाच आहे.