दुसरी बॅटरी: रिले लावायचा की डीसी-डीसी चार्जर?

गाडी उभी करून रात्रभर फ्रीज आणि दिवे चालवायचे, तरी सकाळी सेल्फ एका दमात लागला पाहिजे, म्हणून बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या डिझेल गाड्यांत दुसरी बॅटरी बसवतात. बॅटरी कोणती घ्यायची हे नंतर बघू. ती चार्ज कशाने होणार, ते आधी ठरवा आणि त्यासाठी अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) तपासा.

बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये शंभर-दोनशे रुपयांचा व्होल्टमीटर खोचा आणि अर्धा तास गाडी चालवून शेजारच्याला आकडे टिपायला सांगा. जुन्या गाडीत काटा १३.८ ते १४.४च्या दरम्यान टिकतो. बीएस-६ नंतरच्या बऱ्याच गाड्यांत मात्र ईसीयू (गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर) अल्टरनेटरला लगाम घालते. मग सपाट रस्त्यावर १२.६ दिसतात, आणि घाट उतरताना एकदम १५.

आकडा स्थिर असेल तर व्होल्टेज सेन्सिटिव्ह रिले, म्हणजे व्होल्टेज बघून आपोआप चालू-बंद होणारा स्विच, पुरतो. साधारण १३.३ला तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८च्या आसपास तोडतो. स्वस्त, बसवायला तासाभराचं काम. पण अल्टरनेटर देईल तेवढंच तो पुढे पाठवतो, त्यातून वायरमध्ये थोडे व्होल्ट वाया जातात. त्यामुळे लेड-ॲसिड बॅटरी रोजच्या छोट्या फेऱ्यांत क्वचितच पूर्ण भरते आणि प्लेटा सल्फेटने कडक होत जातात. पैसे वाचवायला हॉर्नचा ४० अँपिअरचा रिले तर मुळीच नको. रिकामी बॅटरी जोडताक्षणी त्याहून जास्त करंट ओढते, कॉन्टॅक्ट चिकटतात, आणि मग फ्रीज रात्री दोन्ही बॅटऱ्या पितो. हाताने फिरवायचा स्विचही मिळतो, पण तो एकदा बंद करायला विसरलात की धक्का स्टार्ट.

व्होल्टेज खाली-वर होत असेल किंवा लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घ्यायची असेल, तर डीसी-डीसी चार्जरच. आत १२.५ येवोत की १५, बाहेर तो बॅटरीला हवे तेच १४.४ देतो. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी, की थेट जोडली तर इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो. चार्जर करंटला मर्यादा घालतो. ३० अँपिअरचा चार्जर अल्टरनेटरकडून ३७-३८ अँपिअर घेतो, हे लक्षात ठेवून वायर निवडा. पाच मीटर लांबीवर ४० अँपिअरला ६ चौरस मिमीची वायर ०.६ व्होल्ट खाते, १६ चौरस मिमीची पाव व्होल्टच्या आत. चार्जर बॉनेटखाली नको: उष्णतेने तो आपोआप करंट घटवतो. सीटमागे बसवा.

आता बॅटरीचा हिशोब. चाळीस लिटरचा फ्रीज चालू असताना सुमारे ४ अँपिअर घेतो. मे महिन्यात निम्मा वेळ चालला तरी दिवसाला ४८ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासाच्या लेड-ॲसिडमधून निम्मेच काढावेत, म्हणजे एक दिवस निघतो. तेवढ्याच लिथियममधून ८० ते ९० निघतात आणि वजनही निम्म्याहून कमी, पण तिला इंजिनची धग चालत नाही. पाणी घालायची बॅटरी केबिनमध्ये ठेवू नका, हायड्रोजन सोडते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर खड्ड्यांच्या रस्त्यासाठी बनलेली नाही.

जोडणी कशीही करा, मधल्या पॉझिटिव्ह वायरला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, टर्मिनलपासून वीतभर अंतरात, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो. चार्जरसाठी १६ चौरस मिमीच्या वायरला ६० अँपिअरचा फ्यूज, रिलेसाठी २५ चौरस मिमीच्या वायरला १०० अँपिअरचा. थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) हातोडीने ठोकून बसवलं की सांध्यात पोकळी राहते, वर्षभरात तांबं हिरवं पडतं आणि सांधा तापतो. हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्या. मुख्य बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर दुसऱ्या बॅटरीची अर्थची (निगेटिव्ह) वायर त्या टर्मिनलवर न घेता चॅसिसला घ्या, नाहीतर ईसीयूचा चार्जचा हिशोब चुकतो.

काम झाल्यावर इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं हेडलाईट लावा. मुख्य बॅटरीवरचा वरवरचा चार्ज उतरला की रिले लावला असेल तर तो टक् करून सुटला पाहिजे. त्यानंतर फ्रीज चालू करा: दुसऱ्या बॅटरीचे व्होल्ट घसरतील, मुख्य बॅटरीचे त्यांच्यासोबत घसरता कामा नयेत.