टेनेसीच्या डोंगरातली गे वस्ती: वसंतापासून पानगळीपर्यंत राहून आलेला अनुभव

शहरात गे बार भरपूर होते, पण ताप आला तर पेज करून देणारं कोणी नव्हतं. ग्रीन कार्ड हातात आल्यावर नोकरी सोडली आणि तिथे गेलो. (नोकरीशी बांधलेल्या एच-वन-बी व्हिसावर असाल तर हे जमणार नाही.)

वस्तीचं नाव देत नाही, तिथल्यांना ते नकोय. शॉर्ट माउंटनच्या परिसरात अशा काही वस्त्या आहेत, ‘रॅडिकल फेअरी’ या गे लोकांच्या निसर्गाजवळ राहू पाहणाऱ्या चळवळीशी जोडलेल्या. या फेअरींचा पहिला मेळावा हॅरी हे (Hay) या गे हक्क कार्यकर्त्याने सोबत्यांसह १९७९ साली ॲरिझोनात भरवला. त्याच्याही आधी, १९७४ पासून, खेड्यात राहणाऱ्या गे पुरुषांसाठी ‘आरएफडी’ हे त्रैमासिक निघतंय. त्यामुळे तिथे सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. म्हातारा झालेला, आपल्या माणसांत राहणारा गे पुरुष मी त्याआधी पाहिलाच नव्हता. ‘हार्ट सर्कल’मध्ये गोल बसायचं, हातात वस्तू असेल त्यानेच बोलायचं. एका आजोबांनी एड्सने गेलेल्या मित्रांची फक्त नावं घेतली. बराच वेळ घेत होते.

कामाला पर्याय नाही. शेळ्यांची धार, सरपण, पन्नास माणसांची भांडी. संडास खड्ड्यावरचा, वरून भुसा भरपूर टाकला तर वास येत नाही. उन्हाळ्यात गोचिडी फार, म्हणून संध्याकाळी एकमेकांची पाठ, मान, काखा तपासायच्या. पुरुषाने पुरुषाच्या अंगाला इतक्या निवांतपणे, कसलाही हेतू न ठेवता हात लावलेला मी पहिल्यांदाच अनुभवला. नुसत्या त्यासाठीसुद्धा मी पुन्हा जाईन.

न आवडलेलंही आहे. प्रत्येक निर्णय सर्वानुमते, त्यामुळे छपराची गळती बैठकीतच अडकते आणि पाऊस येऊन जातो. बहुतेक सगळे गोरे. माझ्या फोडणीचं कौतुक झालं, पण घरच्यांच्या लग्नाच्या तगाद्याबद्दल बोलायला मराठी सोडाच, देशी माणूसही नव्हता. दवाखाना लांब, गाडी हवीच.

आधी मे महिन्यातल्या मेळाव्याला जा, स्वयंपाकघरात पाळी घ्या, मगच मुक्कामाचं ठरवा. दोन मित्र दापोलीकडे अशी जागा शोधताहेत. त्यांना मी म्हटलंय, समुद्र दिसतो का ते नंतर बघा. मे महिन्यात विहिरीला पाणी असतं का आणि रात्री डॉक्टर कुठे मिळतो, ते आधी विचारा.