एक सुट्टी, दोन राजधान्या: सोलापूरहून मुंबई की हैदराबाद?

रजा एकच आहे आणि घरच्यांना राजधानी दाखवायची आहे, तर सोलापूरकराला दोनच शहरं सोयीची. आपली मुंबई, नाहीतर शेजारचं हैदराबाद. दोन्हीकडे रात्री जेवून निघायचं, दिवसभर फिरायचं आणि रात्रीच परत गाडीत अंग टाकायचं. लॉजचा खर्च नाही.

प्रवासात मुंबई सरळ पुढे. अंतर साडेचारशे किलोमीटर असलं तरी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये ते झोपेत सरतं, आणि गाडी सोडते तेच पहिलं बघण्याचं ठिकाण. सीएसएमटीची इमारत १८८८ मधली, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. एरवी आपण पिशव्या सांभाळत तिथून पळतो. या वेळी रस्ता ओलांडून मागे वळून बघा. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान! भिंतींवर मोर आणि माकडं शोधण्यात पोरांची पंधरा मिनिटं सहज जातात.

तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा करत गेटवेपर्यंत रमतगमत चालत जाता येतं. म्युझियम दहाच्या पुढे उघडतं, म्हणून आधी गेटवे उरका, सकाळी गर्दीही कमी असते. मग मागे फिरून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेल्या या इमारतीचा घुमट गोवळकोंड्याच्या वळणाचा आणि आतल्या कमानी विजापूरच्या गोल घुमटासारख्या, असं सांगतात. शाळेच्या सहलीत गोल घुमट बघितला नाही असा सोलापूरकर विरळाच, त्यामुळे आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. असीरियन राजवाड्यातले कोरीव दगड चुकवू नका. दोन-अडीच तास पुरतात.

हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या आसपास. नळदुर्ग, उमरगा, जहिराबाद करत सरळ हायवे. पण बसमधली झोप ती बसमधलीच. मुंबईहून येणारी गाडी धरायची म्हटलं तर तिकडे पोचेपर्यंत निम्मा दिवस जातो, म्हणून रात्रीची बसच बरी. भाषेची मात्र चिंता नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली (विणकर) घरांत तेलुगू रोजचीच, आणि बाकीच्यांना तिथली दखनी हिंदी लगेच जमते. ‘नक्को’ म्हणणारं शहर परकं कसं वाटेल?

म्युझियम म्हणून विचाराल तर मी डोळे झाकून सालारजंग सांगेन. बुरख्याआडचा चेहरा संगमरवरातून दिसतो ती रेबेकाची मूर्ती आहेच, पण पोरं आठवण काढतात घड्याळाची. बारा वाजायच्या बऱ्याच आधी लोक समोर जागा धरून बसतात. आतला एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. वेळ झाली की छोटं दार उघडतं, दाढीवाला बाहुला येतो, टोले देतो आणि गुमान आत जातो. एवढंच. तरी अख्खा घोळका श्वास रोखून बघतो. म्हणून अकराच्या आत आत शिरा.

आणि शुक्रवारी जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा गेलो तो नेमका शुक्रवार होता. म्युझियम बंद, चौमहल्ला राजवाडाही बंद. चूक आमचीच, वार बघितला नव्हता. सगळा दिवस १५९१ च्या चारमिनारभोवती, लाड बाजारात बांगड्यांचे भाव करत आणि उस्मानिया बिस्किटं चहात बुडवत काढला. बायकांनी तक्रार केली नाही, हे वेगळं.

लोक इथे एक चूक हमखास करतात: चारमिनार, सालारजंग आणि गोवळकोंडा एकाच दिवसात कोंबतात. किल्ला शहराच्या दुसऱ्या टोकाला, माथ्यावरच्या बालाहिसारपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या. फतेह दरवाज्यातली टाळी वर ऐकू येते ती मजा खरी, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा.

सोबत गुडघे दुखणारी आई किंवा सासू असेल, तर मुंबई. दमल्यावर टॅक्सीने दहा मिनिटांत स्टेशन गाठता येतं. आठ-दहा वर्षांची पोरं असतील आणि बसची झोप चालत असेल, तर हैदराबाद. आमच्या घरी या दिवाळीत दोन्ही मंडळी येणार आहेत. सिद्धेश्वरची तिकिटं काढून झाली; पोरांना घड्याळ पुढच्या सुट्टीत, शुक्रवार सोडून.