माल वाहायच्या गाडीला बॅटरी कुठली लावायची: ड्रिलची, लेड-ॲसिड की एलएफपी?

नर्सरीत कुंड्या आणि मातीच्या गोण्या न्यायची चारचाकी ट्रॉली आहे, तिला मोटर लावायचीये आणि घरात ड्रिल-ग्राइंडरच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या आहेतच, मग त्याच लावू का, असं पुण्यात मांजरी-हडपसर साइडचे बरेच जण विचारतात. बॅटऱ्या आधीपासून असतील आणि काम थोडं थोडं असेल तर बिनधास्त लावा, पण फक्त गाडीसाठी नव्या टूल बॅटऱ्या घेणं म्हणजे पैसे उधळणं, कारण तेवढ्याच वॉट-अवरला (म्हणजे साठणाऱ्या विजेला) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचा पॅक बराच स्वस्त पडतो.

आधी हिशोब बघा. १८ व्होल्ट ५ एएच (अँपिअर-अवर) म्हणजे ९० वॉट-अवर, दोन जोडल्या की १८०. गाडी आणि माल मिळून १५० किलो धरले आणि सपाट वाटेवर चालायच्या स्पीडने गेलं तर मोटर साधारण १०० वॉट खाते, म्हणजे दीड तास तरी निघेल. पण दहाला एक असा चढ लागला की तेच वजन न्यायला जवळजवळ चौपट ताकद लागते, आणि आपल्याकडे सोसायट्यांच्या पार्किंगचे रॅम्प तर त्याहून खडे असतात. मकिताची स्वतःची बॅटरीवाली ढकलगाडी आहे, डीसीयू१८०, ती १८ व्होल्टवरच १३० किलो नेते, त्यामुळे कल्पना काही वेडगळ नाहीये. (टूल बॅटरीवर २० व्होल्ट मॅक्स लिहिलेलं बघून भुलू नका, आत तेच पाच सेल सिरीजमध्ये, फुल चार्जला २१ आणि एरवी १८.)

खरी गोम कटऑफमध्ये आहे. बऱ्याच ब्रँडमध्ये बॅटरी रिकामी झाली की थांबायचं हे टूल ठरवतं, बॅटरी नाही, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या प्लास्टिकच्या अडॅप्टरमध्ये दोन पत्त्या आणि दोन वायरी सोडून काहीच नसतं, म्हणजे मोटर बॅटरीला पार पिळून काढते, सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला की खराब व्हायला लागतो आणि मग चार्जरही तिला हात लावत नाही. उपाय सोपा आहे, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये घेऊन ३६ व्होल्टचा मोटर कंट्रोलर लावा, तो साधारण ३१ व्होल्टला बंद होतो, दहा सेल म्हटल्यावर सेलला ३.१, एकदम सेफ. फक्त दोन्ही बॅटऱ्या सारख्या एएचच्या आणि सारख्या वयाच्या हव्यात, नाहीतर एक आधीच झोपते आणि कंट्रोलरला पत्ताही लागत नाही. २४ व्होल्टच्या कंट्रोलरला एक बॅटरी पुरत नाही, तो २०-२१ लाच बंद होतो. एक भरलेली आणि एक रिकामी अशा थेट पॅरलल तर अजिबात जोडू नका. बॅटरीजवळ ३० अँपिअरचा फ्यूज टाका, अडॅप्टरची वायर बारीक वाटली तर बदला, आणि कंट्रोलरला रीजन (ब्रेक लावताना मोटरने बॅटरी उलटी चार्ज करायची सोय) असेल तर बंद ठेवा.

लेड-ॲसिडचं थोडक्यात. १२ व्होल्ट २६ एएचच्या दोन घेतल्या तर कागदावर ६२४ वॉट-अवर, पण टिकवायच्या असतील तर रोज निम्म्याच वापरायच्या, आणि वजन सतराएक किलो. फायदा एवढाच की कुठल्याही बॅटरीवाल्याकडे मिळतात आणि जुनी देऊन नवी घेता येते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवल्या तर लवकर राम म्हणतात.

रोज तीन-चार तास गाडी चालणार असेल तर माझं मत एलएफपीला. आठ सेलचा २५.६ व्होल्ट २० एएच पॅक म्हणजे ५१२ वॉट-अवर, त्यातले ८० टक्के खुशाल वापरा, वजन पाचएक किलो, आणि दीड-दोन हजार चार्ज-डिस्चार्ज सायकल. कटऑफ बीएमएसमध्येच (पॅकमधल्या बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) असतो, त्यामुळे ट्रॉली माळीकाकांच्या हातात दिली तरी टेन्शन नाही. २४ व्होल्टची २५० वॉटची मोटर आणि तिचा साधा कंट्रोलर यावर मस्त चालतो. तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन घेताना बीएमएस किती अँपिअरचा आहे ते विचारा, २० चा असेल तर चढावर ट्रिप होईल, ३० चा घ्या. चार्जर २९.२ व्होल्टचाच, लेड-ॲसिडचा जुना चालवू नका.

आणि पावसाळ्यात टूल बॅटरी अडॅप्टरला लावून उघड्यावर ठेवू नका, पत्त्यांवर हिरवट थर येतो आणि मग तीच बॅटरी ड्रिलला लावली की ड्रिलही अडखळतं.