बोस्टनच्या हातगाड्या, आणि मामाचा प्रश्न: "रात्री गाडी कुठं ठेवतात रे?"

मामा ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे बोस्टनला आला होता. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, पुण्यात तुळशीबागेच्या आसपास चाळीस वर्षं धंदा करतोय, आधी दुसऱ्याच्या पथारीवर पोऱ्या म्हणून, मग स्वतःची पथारी, क्लिपा, बांगड्या, खोटे दागिने, सीझनला गौरीचं सामान. त्याला मी हार्वर्ड दाखवलं, एमआयटी दाखवलं, त्याने दोन्हीकडे "छान आहे" म्हणून मान डोलावली आणि चहा कुठे मिळेल ते विचारलं. मग एका शनिवारी फॅन्युल हॉल मार्केटप्लेसला नेलं आणि तिथे हा माणूस चार तास हलला नाही. म्हणून हा रिव्ह्यू. खाण्याचा नाहीये आधीच सांगतो, खाण्याचे रिव्ह्यू ढिगाने पडलेत, हा तिथल्या हातगाड्यांचा रिव्ह्यू आहे, म्हणजे गाड्या कशा चालवतात, कोण चालवतं, आणि निम्मी मतं माझी नसून मामाची आहेत.

जागा आधी सांगतो. मधे क्विन्सी मार्केटची लांबलचक ग्रॅनाइटची इमारत (इथले लोक क्विन्झी म्हणतात, क्विन्सी म्हटलंत की तुम्ही बाहेरचे), मधोमध घुमट, दोन्ही बाजूंना नॉर्थ मार्केट आणि साउथ मार्केटच्या इमारती, आणि मधल्या फरसबंदीवर एकही गाडी नाही, मोटरगाडी म्हणतोय मी, सगळे चालत. क्विन्सी मार्केटच्या दोन्ही अंगांना काचेच्या पडव्या काढल्यात आणि त्या पडव्यांखाली हातगाड्या. लाकडी, मोठ्ठ्या आऱ्यांच्या चाकांच्या, वर कापडाचं छप्पर, आणि त्यावर मॅग्नेट, टोप्या, साबण, कानातले, नाव कोरून देणारे, मोजे, काय वाट्टेल ते. मामाने पहिल्या गाडीशी थांबून चाकाला हात लावून बघितलं आणि म्हणाला, "ही फिरत नाही."

बरोबर होतं. ती चाकं निम्मी शोभेचीच, गाडी जागेवरून हलवायची वेळ रोज येत नाही.

इमारत १८२६ ची. तेव्हा इथे खरोखर मटण-भाजी-चीजचा बाजार होता, आपल्या मंडईसारखा. मामाला घुमट बघून लगेच मंडईच आठवली, ती १८८६ ची, म्हणजे क्विन्सी साठ वर्षांनी मोठं. पुढे घाऊक व्यापारी दुसरीकडे गेले, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळं पडायला आलेलं. मग बेंजामिन थॉम्पसन नावाचा आर्किटेक्ट आणि जेम्स राउस नावाचा डेव्हलपर यांनी ते परत उभं केलं आणि २६ ऑगस्ट १९७६ ला उघडलं, मूळ उद्घाटनाला बरोब्बर १५० वर्षं झाली त्या दिवशी. आता गंमत इथे आहे. उघडायची तारीख आली तरी दुकानं पुरेशी भाड्याने गेलीच नव्हती. बँकांना खात्री नाही, मोठे दुकानदार यायला तयार नाहीत. रिकामे गाळे घेऊन उद्घाटन कसं करणार. म्हणून मग आसपासच्या कारागिरांना, हाताने वस्तू बनवणाऱ्यांना बोलावलं आणि थोड्या मुदतीच्या करारावर एकेक हातगाडी दिली.

हे मी मामाला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "म्हणजे पंगतीत पानं रिकामी दिसू नयेत म्हणून घरचीच माणसं बसवली की!"

पण ती घरची माणसंच हिट झाली. लोकांना दुकानांपेक्षा गाड्याच आवडल्या, आणि मग ही आयडिया सगळीकडे गेली, राउसनेच १९८० मध्ये बाल्टिमोरला हार्बरप्लेस काढलं, आणि हळूहळू अमेरिकेतल्या मॉलमॉलमधे मधल्या पॅसेजला गाड्या आल्या. आपल्या मॉलमधे एस्कलेटरखाली जो स्वीट कॉर्नचा कप आणि मोबाइल कव्हरवाला असतो ना, तो याच खानदानातला आहे असं मी मानतो.

आता सिस्टिम. रस्ता आणि इमारती शहराच्या मालकीच्या, पण चालवायला लांब मुदतीच्या लीजवर एका कंपनीकडे, आणि गाडीवाल्याचा संबंध त्या मॅनेजमेंटशी. गाडीवाल्याला जागेचं लीज नसतं, लायसन्स असतं, थोड्या काळाचं. या प्रकारच्या गाड्यांमधे साधारण पद्धत अशी की एक ठरलेली रक्कम, आणि विक्री एका आकड्याच्या वर गेली की त्यातला टक्का. गाडी बहुतेक ठिकाणी त्यांचीच, छप्पर त्यांचं, लाइट त्यांची, तुम्ही फक्त माल घेऊन यायचं. आणि कोण काय विकणार हे आधी मंजूर करून घ्यायचं, म्हणजे शेजारी शेजारी पाच मॅग्नेटवाले बसणार नाहीत. मांडणी कशी करायची, बोर्ड किती मोठा, कितीला उघडायचं, सगळं ठरलेलं. पाऊस पडतोय म्हणून आज नाही आलो हे चालत नाही. एवढंच काय, मधल्या चौकात आगीचे गोळे फेकणारा नि उंच सायकलवाला जो खेळ करतो त्याची पण ऑडिशन होते, आणि मग टोपी फिरवून लोकांकडून जे मिळेल ते त्याचं.

मामाला ऑडिशन ऐकून मजा वाटली पण पाच मॅग्नेटवाले नको हे मात्र त्याला अजिबात पटलं नाही. म्हणाला, "अरे वेड्यांनो, पाच जण शेजारी असायलाच पाहिजेत. बाईला पाच ठिकाणी बघायचं असतं आणि मग परत पहिल्याकडे यायचं असतं, त्याशिवाय तिला घेतल्यासारखं वाटत नाही." मी म्हटलं मामा इथे टुरिस्ट येतो, त्याच्याकडे वीस मिनिटं असतात. त्यावर तो म्हणाला, मग तो बाजार नाही, ते स्टेशनवरचं पुस्तकांचं दुकान आहे. यावर मी बराच विचार केला आणि मला वाटतं मामाचं निम्मं खरं आहे. सगळ्या गाड्या सुंदर आहेत, प्रत्येकीवर वेगळा माल आहे, पण दोन गाड्यांमधे चुरस नाही, त्यामुळे घासाघीस नाही, त्यामुळे आवाज नाही. तुळशीबागेतून आलेल्या माणसाला तो शांतपणा जरा दवाखान्यासारखा वाटतो.

मग आला तो प्रश्न. मामा एका कानातलेवाल्या बाईंपाशी बराच वेळ घुटमळत होता, माल बघतोय असं दाखवत, आणि मला कोपराने ढोसून म्हणाला, "विचार ना, रात्री गाडी कुठं ठेवतात." मी विचारलं. बाईंना वाटलं आम्ही गाडी घेतोय, त्या खूश होऊन दाखवायला लागल्या, वरून फळ्या खाली पाडायच्या, आवरण ओढायचं, कुलूप, झालं. माल आतच राहतो. रात्री आवारात सिक्युरिटी असते.

मामा गप्प झाला. मग बऱ्याच वेळाने बोलला. त्याचा हिशोब असा: सकाळी माल आणायला दीड तास, मांडायला एक तास, रात्री आवरून गोडाऊनला न्यायला परत दीड तास, त्या गोडाऊनचं भाडं वेगळं, टेम्पोवाला वेगळा. "धंदा दहा तास, आणि माल उचलणं चार तास. इथं ते चार तास नाहीतच." बाकी भाडं किती, टक्का किती हे बाईंनी काही सांगितलं नाही, धंद्यातला माणूस भाडं सांगत नाही, जगात कुठेही.

हा मला या सगळ्या प्रोग्रामचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट वाटतो आणि कोणी लिहीत नाही. हातगाडीचा प्रोग्राम म्हटलं की लोक डिझाइनवर बोलतात, छपराचा रंग, लाकूड, दिवे. अरे बाबांनो कुलूप, वीज, नळ, कचऱ्याचा डबा आणि संडास. एवढ्या पाच गोष्टी दिल्या की गाडीवाला बाकीचं बघून घेतो. इथे त्या आहेत.

मायनस पण आहे आणि तो पण मामानेच काढला. त्याने विचारलं, ही बाई पुढच्या दिवाळीला इथे असेल का? म्हणजे ख्रिसमसला. मी म्हटलं लायसन्स रिन्यू झालं तर. "आणि नाही झालं तर?" तर नाही. कोर्टात जायची सोय फारशी नाही, कारण भाडेकरूचे हक्क लायसन्सवाल्याला नसतात. मामा म्हणाला, "हा धंदा नाही, दर खेपेला नवीन परीक्षा." आणि मग त्याने खिशातलं पाकीट काढून मला प्लास्टिकच्या पिशवीतलं पथविक्रेत्याचं सर्टिफिकेट दाखवलं. बोस्टनला! पासपोर्टबरोबर घेऊन आला होता!! आपल्याकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात दर पाच वर्षांनी सर्व्हे करायचा, सर्टिफिकेट द्यायचं, हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यायची, आणि शहराच्या पथविक्रेता समितीत ४० टक्के माणसं पथारीवाल्यांनी निवडून दिलेली, त्यातल्या एक तृतीयांश बायका. कागदावर हे अमेरिकेपेक्षा भारी आहे, खरंच. क्विन्सी मार्केटच्या गाडीवालीला तिच्या मॅनेजमेंटमधे मत नाही.

पण कागदाचं काय होतं ते पण मामाच सांगतो. तो मधे दोन वर्षं दुसऱ्या एका शहरात धंद्याला होता, शहराचं नाव नको, तिथे एका दुपारी माल उचलला गेला, कायद्यात लिहिलंय की न नासणारा माल, ठरलेली फी भरून परत मागितला की दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, याला बारा दिवसांनी मिळाला आणि त्यातल्या बांगड्यांचा निम्मा चुरा. तिकडे हक्क आहे, कुलूप नाही. इकडे कुलूप आहे, हक्क नाही. आणि आपल्याकडे एक प्रॉब्लेम आणखी, जो मामा स्वतः कबूल करत नाही कारण तो आत आहे: सर्टिफिकेटवाला बसला की बसला, नवीन पोराला जागा मिळायची तर सर्व्हे होईपर्यंत थांब. इथे एखाद्या कॉलेजच्या मुलीने मेणबत्त्या बनवल्या तर ती अर्ज करून एक सीझन ट्राय मारू शकते, नाही चालल्या तर घरी, लाखाचं नुकसान नाही.

मामाला मी हे म्हटलं तर म्हणाला, "तिला बसव ना माझ्या बाजूला, मी कुठं नाही म्हणतोय." बघू.

एवढं झाल्यावर मी त्याला पाच मिनिटं चालत हेमार्केटला नेलं, आणि तिथे खरा मामा दिसला. ब्लॅकस्टोन स्ट्रीटवर फक्त शुक्रवारी-शनिवारी भरतं, फळं, भाजी, मासे. नावात पुशकार्ट आहे, चालवते पण हेमार्केट पुशकार्ट असोसिएशन म्हणजे विक्रेत्यांचीच संघटना, प्रत्यक्षात आता लाकडी फळकुटं, क्रेट आणि वर ताडपत्र्या. आठवड्याअखेरीस शेजारच्या चेल्सी गावातल्या घाऊक बाजारात जे उरतं ते इथे येतं म्हणून स्वस्त, आणि म्हणूनच आज आणलं तर आज नाहीतर उद्या संपवायचं. आम्ही ५ डॉलरला तीन डबे स्ट्रॉबेरी घेतल्या, दोन डबे त्याच रात्री मिल्कशेकमधे गेले. कॅश न्या. आणि मालाला हात लावायचा नाही, विक्रेता देईल तेच घ्यायचं, हे मी मामाला आधीच तीनदा बजावलं होतं तरी त्याचा हात टोमॅटोकडे जात होता, शेवटी त्याने हात मागे बांधूनच घेतले, शाळेतल्यासारखे.

इथे पाच काय पंधरा जण शेजारी शेजारी तेच केळं विकतात, ओरडून. पूर्वी बरेचसे इटालियन होते, आता व्हिएतनामी, मोरोक्कन, सगळे. जागा घराण्यात चालत आलेल्या. डिझाइन शून्य, ताडपत्री गळते, खाली कोबीची पानं. बाजूलाच २०१५ पासून बोस्टन पब्लिक मार्केट आहे, बंद इमारतीत, स्थानिक शेतमाल, स्वच्छ, आणि भाव बघून मामा उलट्या पावली बाहेर. हेमार्केटमधे मात्र संध्याकाळी पाचला भाव पडायला लागले तेव्हा तो अक्षरशः चमकला, म्हणाला बघ आता, हा आता आवरायला लागलाय, आता माग.

तर मार्क. फॅन्युल हॉलच्या गाड्यांना मी ५ पैकी ४ देतो, मामा ३ देतो, एक कुलपाचा, एक नळाचा आणि एक त्या कानातलेवाल्या बाईंचा, हसून बोलल्या म्हणून. हेमार्केटला मी ३, मामा ५. जाणार असाल तर शनिवारी जा म्हणजे दोन्ही एका खेपेत होतं, टी ने (म्हणजे इथल्या मेट्रोने) जा, हेमार्केट स्टेशनला उतरा, स्वतःची गाडी आणू नका, पार्किंगच्या पैशात आठवड्याची भाजी येईल. दुपारी आधी क्विन्सी मार्केट बघा, मग पाचच्या सुमाराला हेमार्केट. थंडीत पडवीतल्या गाड्या बऱ्या, हेमार्केटला वारा हाडात जातो.

हो, आणि घासाघीस होत नाही असं मी वर लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. निघताना मामाने लॉब्स्टरचं मॅग्नेट उचललं, मला बोलू न देता स्वतःच दोन बोटं दाखवून "टू? हाऊ मच?" म्हणाला, आणि विक्रेत्याने दीड डॉलर सोडला. दोन्ही मॅग्नेट आता पुण्यात पथारीवर, क्लिपांच्या स्टँडला चिकटवलीत. रोज दोन-तीन जणी विचारतात केवढ्याला म्हणून.