काफ्का आधी वाचावा की मुराकामी?

खरं काय घडलं आणि भास कुठला, याचा पत्ताच लागत नाही म्हणून कादंबरी अर्ध्यावर ठेवून दिलेल्यांसाठी हे लिहितोय. या वाटेला पुन्हा जायचं म्हटलं की दोन पुस्तकं हमखास सुचवली जातात : फ्रान्झ काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' (१९१५) आणि हारुकी मुराकामीची 'काफ्का ऑन द शोअर' (२००२).

वाचायला मुराकामी सोपा, यात वाद नाही. एकूण ४९ प्रकरणं, पण एक संपलं की दुसरं उघडावंसं वाटतं. मांजरांशी गप्पा मारणारा म्हातारा नाकाता तर फार जीव लावतो. माझी चिडचिड झाली ती त्याच्याच एका प्रसंगाने. नाकाता टोकियोत एका माणसाला भोसकतो. शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्या कपड्यांवर रक्ताचा थेंबही नाही. रक्ताने माखलेला शर्ट सापडतो तो दूर ताकामात्सुमध्ये, १५ वर्षांच्या एका मुलाच्या अंगावर. नाकाता पोलिसाकडे जाऊन कबुली देतो, तर त्याला ती खरी वाटत नाही. कोडं सुटत नाही याबद्दल माझी तक्रार नाही. पण केलेल्या गोष्टीचा वळ कुठेच उमटत नाही म्हटल्यावर पुढची धास्तीच उरली नाही. आकाशातून मासे पडले आणि मी नुसतं पान उलटलं.

काफ्काकडे अशक्य गोष्ट एकच, तीही पहिल्याच वाक्यात. पुढे सगळं चोख. कथेचा नायक ग्रेगोर किडा होऊन पडलाय आणि काळजी कसली, तर साडेसहा वाजले, गाडी चुकली, आता साहेब काय म्हणेल. बहीण जुन्या वर्तमानपत्रावर निरनिराळं खाणं मांडते. ताज्याचा त्याला वासही सहन होत नाही, पण दोन दिवसांपूर्वी त्यानेच टाकाऊ ठरवलेल्या चीजवर तो तुटून पडतो. वडिलांनी फेकलेलं सफरचंद पाठीत रुततं ते तसंच राहतं, आणि ती जखम त्याला महिनाभराहून जास्त छळते. इथे मला प्रत्येक पानाची भीती वाटली.

हा किडा नेमका कोणता, ते काफ्काही सांगत नाही. मुखपृष्ठावर तो काढू नका, असं त्याने प्रकाशकाला मुद्दाम कळवलं होतं. पण त्या संदिग्धतेचा मला त्रास झाला नाही.

धुक्यात हरवायला आवडत असेल तर मुराकामी जरूर घ्या, त्याची जादू मी नाकारत नाही. आधीच वैतागला असाल, तर मात्र माझ्या मते काफ्का आधी. तीनच भाग आहेत, सुट्टीच्या एका दुपारी वाचून होतात.